वाटेत हरवलेले चार व्होल्ट

घटस्थापना जवळ आली की मंडईवरून जाताना मी गाडीच्या काचा खाली करते. एसी चालू असला तरी. झेंडूचा वास काचेआडून घ्यायचा नसतो. कडवट, ओलसर, पोत्याच्या सुतळीचा वास मिसळलेला तो वास नाकात गेला की लोकांना दाराचं तोरण आठवतं. मला रिले आठवतो. काडेपेटीपेक्षा जरा मोठी, काळी, चार पायांची डबी. हसायचं असेल तर हसा. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं नवरात्र त्या डबीसमोर उभं राहून गेलं आहे.

झेंडू आमच्या घरात आधीपासूनच होता. माझे बाबा मंडईत पाटी वाहायचे. बुलढाण्याकडचा माणूस, पुण्यात आला तेव्हा अंगावरच्या कपड्यांशिवाय त्याच्याकडे फक्त मान होती, ओझं पेलणारी. नवरात्रात ते घरी यायचे तेव्हा शर्टाच्या कॉलरमध्ये पाकळ्या अडकलेल्या असायच्या आणि डोक्यावरच्या चुंबळीचा रंग पिवळा झालेला असायचा. त्या घरातून मी बी.एस्सी. झाले, फिजिक्स घेऊन. आमच्या सबंध नात्यागोत्यात पहिली. हे मी लाजून सांगत नाही, कधीच सांगितलं नाही. निकालाच्या दिवशी बाबांनी मंडईत ओळखीच्या प्रत्येक गाळ्यावर जाऊन सांगितलं होतं. एका गाळेवाल्याने विचारलं, "फिजिक्स म्हणजे काय हो?" बाबा म्हणाले, "ते मले माहीत असतं तर तिले कायले शिकवली असती?"

तो काळच असा होता की पुण्यात रोज काहीतरी नवीन उघडत होतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली कॉम्प्युटरच्या क्लासला गेल्या, दोघी तर अमेरिकेला पोचल्याही. रस्त्यावर नव्या नव्या गाड्या दिसायला लागल्या, आणि त्यांच्या पोटात कार्ब्युरेटरच्या जागी कॉम्प्युटर आला. सातारा रस्त्यावर एका मोठ्या वर्कशॉपला इंग्रजी मॅन्युअल वाचून वायरिंगचे नकाशे समजावून सांगणारं माणूस हवं होतं. मी गेले. तिथले साहेब, लिमये, यांनी माझी गुणपत्रिका चष्म्याच्या वरून पाहिली, मग खालून पाहिली. "मुली आमच्याकडे रिसेप्शनला असतात," ते म्हणाले. मी म्हटलं, "मॅन्युअल रिसेप्शनला असतं का?" साहेब हसले नाहीत. पण उद्यापासून या म्हणाले.

तीन महिने मी मॅन्युअल वाचत होते. मेकॅनिक विचारायचे, मी सांगायचे, काम ते करायचे. पाना हातात घेतला की कुणीतरी "ताई, राहू द्या, हात काळे होतील" म्हणून काढून घ्यायचं. मुख्य इलेक्ट्रिशियन रज्जाकभाई. पन्नाशीचे, पान खाणारे, बोटांनी वायर चाचपून आतलं तांबं किती उरलंय ते सांगणारे. ते मला "प्रोफेसर" म्हणायचे. त्यात थट्टा किती आणि मान किती, हे मला बरेच दिवस कळलं नाही.

ती पांढरी गाडी आली घटस्थापनेच्या दिवशी, दोराने ओढून. मालक तात्या. कात्रजच्या अलीकडे त्यांचं गाव होतं, ते आता पुण्याने गिळलं होतं. जिथे त्यांचा ज्वारीचा पट्टा होता तिथे सोसायटी उभी राहत होती. पांढरा लेंगा, पांढरी टोपी आणि पांढरी गाडी. चौथ्यांदा आली होती. चावी फिरवली की स्टार्टर फिरायचा, घ्यॅ घ्यॅ घ्यॅ, पण इंजिन काही पेटायचं नाही. कधी पेटायचं नाही, आणि कधी पहिल्या फटक्यात पेटायचं. तीन खेपांत आमच्या लोकांनी बॅटरी बदलली होती, चावीचा स्विच बदलला होता, इग्निशनचा रिले दोनदा नवा घातला होता.

"सायेब," तात्या म्हणाले, "माझा बैल बी असाच करायचा. पर त्याला निदान डोळं वटारता यायचं. ह्या गाडीचं काय करू?"

रिले म्हणजे काय ते इथेच सांगते, कारण पुढे सगळं त्याच्यावर आहे. चावीतून येणारा प्रवाह लहान असतो. तो या डबीतलं लोहचुंबक जागं करतो, चुंबक एक पट्टी ओढून घेतं, टिक् असा आवाज होतो, आणि बॅटरीचा मोठा प्रवाह पेट्रोलच्या पंपाकडे आणि ठिणगीकडे सुटतो. गाडीला ती टिक् ऐकू आली नाही तर गाडी म्हणजे पत्रा. तात्यांच्या गाडीची टिक् मात्र व्यवस्थित येत होती. म्हणून तर सगळे चक्रावले होते.

लिमये साहेब बाहेर आले. कमरेवर हात. सगळ्यांसमोर मला म्हणाले, "इंगळे, तुम्ही आमच्याकडे भाषांतर करायला आहात की गाड्या दुरुस्त करायला, ते एकदा ठरवून टाकू. ही गाडी तुमची. दसऱ्याला तात्या घेऊन जातील. गेली आणि परत आली नाही, तर तुम्ही खाली फ्लोअरवर. नाहीतर वर रिसेप्शनला. तिथे पंखा आहे."

पंख्याचं ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. कोणी मला फार काही वाईट बोललं नव्हतं. पण पंख्याखाली बसून आयुष्यभर लोकांना "बसा, पाणी घ्या" म्हणायचं, यासाठी बाबांनी माझी फी भरली नव्हती.

मी वळते तोवर रज्जाकभाईंनी बॉनेट उघडून सवयीने रिले उपटला, पाय फडक्याने पुसले, परत दाबून बसवला. "मारा चावी." गाडी सुरू. पहिल्या फटक्यात, शहाण्या मुलीसारखी.

"झाली," रज्जाकभाई म्हणाले.

मला रडू यायचं बाकी होतं. कारण झालं तेच होतं, जे तीनदा झालं होतं. रिले काढून घातला की गाडी चालू, आणि काय बिघडलं होतं ते कुणालाच कधी बघायला मिळत नव्हतं. दुखणं तपासायच्या आधीच आम्ही ते चोळून बरं करत होतो. मी म्हटलं, "रज्जाकभाई, आता ती परत बंद पडेपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही."

"चालू गाडी बंद पडायची वाट बघायची?"

"हो."

"प्रोफेसर," ते म्हणाले, "आमच्या धंद्यात उलटं असतं."

मग सुरू झालं ते विचित्र नवरात्र. रोज सकाळी मी सगळ्यांच्या आधी यायचे, चावी फिरवायचे, आणि गाडी सुरू व्हायची. दुसरी माळ, तिसरी माळ, चौथी माळ. गाडी सुरूच. मेकॅनिक येता-जाता विचारायचे, "काय ताई, आज पण बिघडली नाही का? अरेरे." साहेब काचेतून बघायचे. ऑक्टोबरचं ऊन पत्र्याच्या छपरावर असं पडायचं की दुपारी ग्रीसचा डबा उघडा ठेवला तर वरचा थर तुपासारखा विरघळायचा. घरी आईने घटाभोवती पेरलेले गहू वर यायला लागले होते. ते बोटभर झाले की माझे दिवस किती उरले ते आपोआप कळायचं.

रोज बॉनेट उघडून, काहीही न हलवता, मी मीटर लावायचे. साहेबांनी सगळ्यांना नवा डिजिटल मीटर दिला होता आणि जुना बल्ब लावून तपासायला बंदी केली होती, कारण नव्या गाडीतला कॉम्प्युटर त्याने उडतो म्हणे. मीटर म्हणायचा बारा पूर्णांक चार. रोज. बॅटरीतही तेवढेच, रिलेच्या पायाशीही तेवढेच. मीटर खोटं बोलतोय असं म्हणायची माझी हिंमत नव्हती. आकडा आहे म्हणजे खरंच असणार, असं मानायला तर मी शिकले होते.

सहाव्या माळेला मी कॉलेजचं जर्नल काढलं. कशासाठी काढलं ते आता सांगता यायचं नाही. बहुधा स्वतःला आठवण करून द्यायला, की मी कोण आहे. त्यात पोटेन्शिओमीटरचं प्रॅक्टिकल होतं. दहा मीटर लांब तार, लाकडी पाटावर ताणलेली. त्यावर तोंडी परीक्षेत हमखास विचारायचे, पोटेन्शिओमीटर साध्या व्होल्टमीटरपेक्षा चांगला का? उत्तर आम्ही घोकलेलं होतं: कारण तो मोजताना प्रवाह ओढत नाही, म्हणून बॅटरीचा पूर्ण दाब जसाच्या तसा दाखवतो, मध्ये कितीही अडथळा असला तरी.

मध्ये कितीही अडथळा असला तरी!

हे वाक्य मी पाच वर्षं पाठ म्हणत होते आणि मार्क घेत होते. डिजिटल मीटरही तसाच. तो जवळजवळ काहीच ओढत नाही. म्हणजे रस्ता सडका असला, एका केसाएवढ्या धाग्यावर लटकला असला, तरी त्याला पलीकडे बारा व्होल्ट दिसणारच. कारण त्या रस्त्यावरून त्याने काही नेलेलंच नाही. पंप मागेल तेव्हा, खरा प्रवाह धावेल तेव्हाच मोजायला हवं. आणि मोजायचं ते बॅटरीपासून रिलेपर्यंत, दोन टोकांमध्ये, वाटेत किती हरवलं ते.

मी ते बाबांना सांगितलं. ते नुकतेच येऊन भिंतीला पाठ लावून बसले होते. मी वहीत रेघा मारून समजावत होते. मला वाटलं, हो हो करतील. त्यांनी वही बाजूला सारली.

"म्हंजे रिकामी पाटी," ते म्हणाले. "रिकाम्या सगळ्याच चांगल्या दिसतात. भरून उचलली का बूड कोनाचं गेलं ते समजते."

"हो बाबा. तेच."

"मंग एवढं लिहिलं कायले?"

त्या वेळी मला राग आला होता. आता नाही येत. माझं फिजिक्स सगळ्यात आधी ज्याला समजलं तो माणूस चौथी नापास होता, आणि त्याने ते माझ्याकडून समजून घेतलं होतं. विद्यापीठाने दिलेल्या कागदापेक्षा मला हा कागद मोठा वाटतो, फक्त तो कुठे लिहिलेला नाही.

सातव्या माळेला संध्याकाळी परतीचा पाऊस झाला. अर्धा तास, पण आडवातिडवा. रात्रभर सगळं दमट. अष्टमीला सकाळी मी चावी फिरवली.

घ्यॅ घ्यॅ घ्यॅ.

परत फिरवली. घ्यॅ घ्यॅ घ्यॅ. टिक् आहे, स्टार्टर आहे, पण पेट नाही. बंद पडलेल्या गाडीवर एवढा आनंद कुणाला झाला असेल असं मला वाटत नाही. मी दार उघडून बाहेर आले आणि बॉनेटसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिले. रज्जाकभाई हातात चहाचा ग्लास घेऊन येत होते.

"हात लावू नका! कुणी म्हणजे कुणी!"

"अहो, ग्लास तरी खाली ठेवू का?"

मी मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकाला धरली, दुसरी रिलेच्या बाहेर जाणाऱ्या पायाला. जेमतेम पोचत होती. "रज्जाकभाई, आत बसा. मी सांगितलं की चावी. पंप दोन-तीन सेकंदच घरघरेल, तेवढ्यात मला वाचायचंय."

ते बसले. चहासकट.

"चावी!"

पंप कण्हल्यासारखा झाला. मीटरवर शून्याच्या आसपास काहीतरी दिसायला हवं होतं. दिसलं तीन पूर्णांक नऊ.

"परत. चावी!"

तीन पूर्णांक नऊ. बारांतले जवळजवळ चार व्होल्ट वाटेतच हरवत होते, आणि उपाशी पंप नुसता कण्हत होता. आता सुई मागे घेतली, रिलेच्या आत येणाऱ्या पायाला. "चावी!" तीन पूर्णांक सात. म्हणजे रिलेमध्ये जवळजवळ काहीच जात नव्हतं. ज्या रिलेला आम्ही दोनदा बदललं तो बिचारा निर्दोष होता. चोर त्याच्या आधी होता, ज्या खोबणीत तो बसतो तिथे, खाली.

रज्जाकभाई उतरून माझ्याजवळ आले होते. चहा कुठे ठेवला कोण जाणे. त्यांनी आकडा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "माझा बल्ब असता तर मंद पेटला असता," ते म्हणाले. खरंच होतं ते. मग म्हणाले, "पण का मंद पेटला, ते नसतं सांगितलं त्याने." आणि त्यांनी आपला पाना माझ्या हातात दिला. "खोला."

मी रिलेची पेटी चार बोल्ट काढून उलटी केली. रिलेचा पाय धरणारी खालची पितळी पकड हिरवी झाली होती, शेवाळासारखी. आणि त्या हिरव्यावर लालसर, चिकट थर. बोट लावलं, वास घेतला.

"कुंकू," मी म्हटलं.

"काय?"

"कुंकू. आणि हळद. आणि काहीतरी गोड."

रज्जाकभाईंनीही वास घेतला. "नारळ," ते म्हणाले.

मग मी ऑफिसातून त्या गाडीच्या आधीच्या खेपांची जॉबकार्डं आणली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरखाली उभी राहिले. चारही वेळा गाडी आली होती ती अमावस्येनंतर दोन-चार दिवसांत. शेवटची तर सर्वपित्रीच्या दुसऱ्याच दिवशी. पेटीच्या झाकणाची खुंटी आधीपासूनच तुटलेली, तीनही खेपांत आमच्यापैकी कुणी ती बदलली नव्हती, झाकण नुसतं टेकवलेलं. कॉम्प्युटरच्या गाडीचा रोग मला तिथीवरून सापडला, हे मॅन्युअलमध्ये कुठेही नव्हतं.

पकड नवी घातली, वायरचं काळं पडलेलं टोक कापून नवं दाबून बसवलं, झाकणाला नवी खुंटी आणि रबर. हात कोपरापर्यंत काळे झाले. कुणी पाना काढून घेतला नाही. मग परत सुई, परत "चावी!" पाव व्होल्टसुद्धा नाही. पंप असा गुणगुणला की शेजारच्या गाडीखालून एक डोकं बाहेर आलं.

खंडेनवमीला तात्या आले, बरोबर त्यांच्या मालकीणबाई, मालनकाकू. नऊवारी, कपाळावर आडवं कुंकू, नजर थेट. वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा मांडलेली होती. पान्यांवर झेंडू, जॅकवर झेंडू, रज्जाकभाईंनी आपली पक्कड स्वतः पुसून मांडली होती. साहेबही खाली उतरले होते. मी काकूंना विचारलं, "काकू, तुम्ही गाडीची पूजा कशी करता?"

"कशी म्हंजी? दर अवसंला. बॉनेट उघडून."

"उघडून?"

"मग? वरनं पत्र्याला हळदीकुकू लावायला ती काय भित हाय? तिचा जीव आत हाय, म्हून आत. हिरीवरल्या इंजानाला वीस वर्सं नारळाचं पाणी घातलं म्यां. येकदा बी रुसलं न्हाय."

तात्या छपराकडे बघायला लागले.

"काकू, विहिरीवरचं इंजिन नुसतं लोखंडाचं होतं," मी म्हटलं. "याच्या जिवात वीज आहे. विजेला पाणी सोसत नाही. त्यात नारळाचं गोड आणि खारं, ते वाळतच नाही."

"म्हंजी माझ्या पूजेनं गाडी बंद पडती?" आवाज चढला. सगळं वर्कशॉप थांबलं. मला कळत होतं की इथे मी चुकले तर आकडे काही कामाचे नाहीत.

"पूजेने नाही. पाण्याने. आमचं झाकण पण नीट नव्हतं, ती चूक आमची. पूजा करा ना काकू. ओवाळा, फुलं वाहा. फक्त नारळ चाकापाशी फोडा. चाकसुद्धा तिचंच आहे, आणि तुम्हाला घरी आणतं तेच."

काकूंनी माझे हात पाहिले. नखांत अजून काळं होतं. "तुझं हात असं कशानं गं?"

"तुमच्या गाडीने."

त्या हसल्या. तोंडावर पदर घेऊन, पण हसल्या. "बरं," म्हणाल्या, "चाकापाशी." आणि तात्यांना, "तुमी कवा बोलला न्हाई ते!" तात्या म्हणाले, "मला म्हाईत असतं तर चारदा दोर बांधला असता व्हय?"

साहेबांनी गाडी दहा वेळा सुरू करायला लावली. अकराव्यांदा स्वतः बसले. मग माझ्या मीटरवर वाकून ड्रॉपचा, म्हणजे वाटेत किती हरवतंय त्याचा, आकडा वाचला, "हं" म्हणाले, आणि जिना चढून गेले. पुण्यात "हं" मिळणं म्हणजे काय, ते पुण्याबाहेरच्याला सांगता येत नाही. दसऱ्याला गाडी गेली. पुढची अमावास्या आली, दिवाळीची. मी फोनकडे बघत बसले होते. फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्या अमावस्येलाही नाही.

आता माझ्या हाताखाली बारा इंजिनियर आहेत. हिंजवडीच्या इमारतीत बसून आम्ही गाड्यांच्या आतलं सॉफ्टवेअर तपासतो. परवाच एक मुलगी आली, "मॅम, लॉगमध्ये सगळं ओके आहे, तरी गाडी स्टार्ट होत नाहीये." मी विचारलं, लोड असताना मोजलंस का? तिने मान हलवली, नाही. मी तिला घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले, बाह्या वर केल्या. लॉगवर माझा राग नाही. पण ओझं न उचलता दिलेल्या साक्षीवर मी आजही विश्वास ठेवत नाही, आणि हे मी अभिमानाने सांगते, कारण ते मला फुकट मिळालेलं नाही.

त्या वर्षीचं एक सांगायचं राहिलं. दिवाळीनंतरच्या त्या अमावस्येला चार दिवस उलटून गेल्यावर वर्कशॉपमध्ये रविवार पेठेतला शिंपी आला. फ्लोअरवरच्या लोकांचे नवे बॉयलर सूट, शर्ट-पँट एकत्र असलेले, शिवायचे होते. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. एकेकाचं माप घेत माझ्यापाशी आला आणि मला वळसा घालून पुढे निघाला.

"माझं राहिलं," मी म्हटलं.

"बायकांचं शिवत नाही आम्ही. साडीवर कोट हवा असेल तर शेजारच्या दुकानात विचारा."

"कोट नको. यांच्यासारखाच."

"आजवर कुठल्या बाईने मागितला नाही."

वरून काचेची खिडकी सरकली. लिमये साहेबांनी मान बाहेर काढली. "घ्या हो माप. त्या खाली असतात."

शिंप्याने टेप काढला, लांबूनच, भिंतीला रंग लावल्यासारखा हात करून खांदा मोजला. रज्जाकभाई पान चघळत मजा बघत होते. वहीत आकडे लिहून झाल्यावर शिंप्याने विचारलं, "खिशावर नाव काय घालायचं?"

"इंगळे, बी.एस्सी."

त्याने पेन्सिल थांबवली. "बाई, डिग्री खिशावर मावत नाही."

"मग खिसा मोठा शिवा," मी म्हटलं.